एक एकर विकून मोशीला फ्लॅट? आधी हप्ता बघू

दादा, तुमचा मेसेज सावकाश वाचला. बार्शी तालुक्यात वडलांची साडेचार एकर, तुम्ही चाकणला कंपनीत, हातात ४६ हजार, घरभाडं ९ हजार, मोशीत ४२ लाखाचा वन बीएचके बघून ठेवलाय आणि गावाकडं रस्त्याकडेचा एकर १४ लाखाला मागतायत, तर तो देऊन टाकू का, असं विचारलंय. माझं म्हणणं, आत्ता नको. पण ते "काळी आई विकू नये" वगैरे टाइपचं नाही हां, जमीन विकून मार्गी लागलेली घरं पण आहेत. तुमचं गणित बसत नाहीये म्हणून नको म्हणतोय.

४२ लाख ही नुसती फ्लॅटची किंमत. त्यावर स्टॅम्प ड्युटी ७ टक्के आणि रजिस्ट्रेशन ३० हजार, म्हणजे सव्वातीन लाख तिथंच गेले (वहिनींच्या एकटीच्या नावावर घेतला तर १ टक्का सूट मिळते, ४२ हजार वाचतात). १४ मधनं ते वजा केले की पावणेअकरा उरतात, म्हणजे कर्ज ३१ लाखाच्या वर जातंय, साडेआठ टक्क्यानं २० वर्षं धरलं तरी हप्ता २७ हजार. आता ४६ हजारात ८ हजार ओव्हरटाइमचे आहेत असं तुम्हीच लिहिलंय. गाड्यांचं मार्केट थंड झालं की पहिला ओव्हरटाइम बंद होतो हे तुम्हाला मी सांगायला नको. मग राहिले ३८, त्यातनं हप्ता गेला की ११ हजारात दोन पोरांची फी, किराणा, गाडीचं पेट्रोल, सोसायटीचा मेंटेनन्स आणि गावाकडं पाठवायचे ४ हजार. नाही भागत. तुमच्या पगाराला १५ हजाराचा हप्ता झेपेल, म्हणजे साधारण १७ लाखाचं कर्ज.

आता त्या एकराचं. तुम्ही लिहिलंय की विहीर त्याच तुकड्यात आहे आणि मागच्या साडेतीन एकराला वाट पण तिथूनच. अहो मग तो माणूस १४ लाख उगाच देतोय का? तो गेला की मागचं सगळं जिराईत झालं, म्हणजे नुसतं पावसावरचं, कांदा बंद, नुसती तूर आणि ज्वारी, आणि उद्या नव्या मालकानं बांधावर तारेचं कंपाउंड घातलं की वडलांना ट्रॅक्टर आत न्यायला तहसीलला अर्ज करत बसावं लागेल. कधी विकायचीच वेळ आली तर मागचा माळाचा तुकडा आधी काढा, भाव निम्मा आला तरी चालेल. आणि समजा नाइलाजानं हाच एकर द्यावा लागला, तर विहिरीतला हिस्सा, पाइपलाइन आणि वाट हे खरेदीखतात लिहून घेतल्याशिवाय सही करायची नाही. तोंडी बोलणं एक पिढी टिकतं फार तर.

शिवाय जमीन वडिलोपार्जित आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं बहिणींचा हक्क तुमच्याइतकाच, आणि २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर त्यात वादाला जागा राहिली नाही. दोघी बहिणी "आम्हाला काय नको" म्हणतात, चांगलंय, पण १४ लाख तुमचे एकट्याचे धरून हिशोब मांडू नका. गावच्या विकास सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा सातबाऱ्यावर आहे तोही आधी उतरवावा लागेल. ते पीककर्ज वडील वेळेत भरतात म्हणून ३ लाखापर्यंत बिनव्याजी पडतंय, आणि ते मिळतं एकरावर आणि पिकावर, म्हणजे बागायत क्षेत्र घटलं की मर्यादा पण घटणार. गावाकडच्या शेतजमिनीच्या विक्रीवर कॅपिटल गेन टॅक्स (विक्रीच्या नफ्यावरचा कर) लागत नाही, नगरपालिकेच्या हद्दीपासून लांब असली तर, एवढी एकच गोष्ट तुमच्या बाजूनं आहे.

मग करायचं काय? सहा महिने हप्त्याची रंगीत तालीम करा. भाडं ९ हजार जातंच, पगार झाल्या दिवशी अजून ६ हजार आरडीत (बँकेतली दर महिन्याची ठेव) टाका, आणि ओव्हरटाइमचे पैसे धरायचेच नाहीत, ते वेगळ्या खात्यात. जमलं तर १५ हजाराच्या हप्त्यात बसणारा जुना, रिसेलचा फ्लॅट बघू, आळंदी साइडला किंवा अजून आत, थोडं लांब जावं लागेल. पीएफ मोडू नका, २०२४-२५ ला ८.२५ टक्के व्याज दिलंय त्यांनी. उलट त्यावर नॉमिनी कोण आहे ते आजच बघा, लग्नाआधीचं आईचं नाव तसंच असेल तर बदला, कारण नोकरीत असताना काही झालं तर पीएफसोबतचा ७ लाखापर्यंतचा विमा पण असतो.

आणि हे मला सगळ्यात जास्त खटकलं. अख्खं घर तुमच्या एकट्याच्या पगारावर, आणि विमा म्हणाल तर मनी बॅक पॉलिसीचा, ३ लाखाचा? ती पॉलिसी राहू द्या, पण ५० लाखाचा साधा टर्म प्लॅन (माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा) आधी घ्या, सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटी पण नाही. तंबाखू खात असाल तर फॉर्ममध्ये खरं लिहा, प्रीमियम वाढेल, वाढू द्या, नाहीतर क्लेमच्या वेळी वहिनींना हेलपाटे. बँकेत वर्षाला ४३६ रुपयेवाला जीवन ज्योती आणि २० रुपयेवाला सुरक्षा, हे पंतप्रधान योजनेतले दोन्ही विमे चालू आहेत का तेही विचारा.

सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि सातबारा पाठवा, मग कर्जाचं बघू. त्या गिऱ्हाइकाकडनं इसार मात्र घेऊ नका.