रहिवासी संघाची वर्गणी द्यावीच लागते का?

बेळगावात अनगोळकडच्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या नव्या वसाहतीत, घर बांधलंय, महापालिकेची घरपट्टी वेळेवर भरता, तरी रहिवासी संघ दरमहा वर्गणी मागतो. ती द्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

सक्ती म्हणाल तर नाही. असे संघ सहसा कर्नाटकच्या १९६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेले असतात, त्यांचे नियम सभासदांपुरते. अपार्टमेंटची गोष्ट वेगळी. तिथे जिना, लिफ्ट, टाकी सामाईक, त्यामुळे खर्चातला वाटा चुकत नाही.

तरी मी तुमच्या जागी असतो तर दिली असती. शहापूर-वडगावच्या जुन्या गल्ल्यांत हे काम पंच मंडळी करतच आली आहेत. देवळाची पट्टी, शेजाऱ्यांची भांडणं, तुंबलेलं गटार, सगळं त्यांच्या दारात. नव्या वसाहतीत पंच नाहीत, म्हणून संघ.

आमच्या कॉलनीत वर्गणीतून गुरख्याचा आणि बागेच्या माळ्याचा पगार निघतो. पण खरा उपयोग पाठपुराव्याचा. रस्त्यावरचा खांब हेस्कॉमचा, म्हणजे वीज कंपनीचा, त्यावरचा दिवा महापालिकेचा. एकट्याने तक्रार केली की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. आमचे सेक्रेटरी कानडीत अर्ज लिहितात, त्यात खांबाचा नंबर घालतात, पोच घेतात आणि तिचा फोटो नगरसेवकाला धाडतात. कानडी लिहिता येणारा माणूस कमिटीत हवाच, नाहीतर आपला अर्ज टेबलावरच लोळतो. पाणी कधी सुटणार हे व्हॉल्व्हमनला विचारून ग्रुपवर टाकायचं कामही त्यांचंच.

एक मात्र बघा. संघ स्वतःच्या पैशातून गटार बांधायला किंवा रस्त्यावर खडी टाकायला निघाला, तर अडवा. ते काम घरपट्टीतून व्हायचं आहे, आणि लोकांनी उरकलं की वॉर्डाच्या यादीत तुमच्या रस्त्याचा नंबर मागे जातो. त्याआधी लेआउटमधले रस्ते आणि मोकळी जागा महापालिकेच्या ताब्यात आली आहे का, हे विचारा. आली नसेल तर कुठल्याही कामाला ‘हस्तांतर नाही’ हे उत्तर तयार असतं. हस्तांतराच्या कागदांसाठी माराव्या लागणाऱ्या खेपांवर वर्गणी खर्च झाली तर मला वाईट वाटणार नाही.

पावती घ्या, वर्षाचा हिशेब सभेत मागा. गणपतीची वर्गणी यातच धरली आहे का, तेही विचारून ठेवा. आमच्याकडे ती वेगळी असते, आणि ती मात्र कुणी चुकवत नाही.