पोरांना गोधडी शिकवतेयस, तर हे वाच

अगं, नववी-दहावीच्या पोरांना पहिल्याच दिवशी अख्खी गोधडी देऊ नकोस, टाक्यांच्या तिसऱ्या रांगेत कंटाळतात. आधी बाळाचं दुपटं शिवून घे.

कापड विकत घ्यायचं नाही. ओळखीच्या घरांतून जुन्या सुती साड्या माग. सहावारी साडी लांबीत तीन पदरी दुमडली की पावणेदोन मीटर लांब, सव्वा मीटरच्या आत रुंद होते, मोठ्या माणसाला पुरते. अशा दोन घेतल्या की सहा पदर. डिसेंबरात नाशिकच्या रामकुंडाजवळ उघड्यावर झोपणाऱ्याला त्याहून कमी देऊ नये. ठिगळांना शिंप्याकडच्या चिंध्या. सिंथेटिक मात्र नाहीच, घाम टिपत नाही. आणि प्रत्येक कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघ. मी एकदा डाळिंबी खण तसाच लावला, पहिल्याच धुण्यात सगळी गोधडी गुलाबी!

खर्च उरला जाड दोरा आणि सुयांचा. सुया मोजून दे, मोजून घे. दोरा हातभरच, लांब घेतला की गुंता. जमिनीवर पदर ताणून अंथरायचे, वितीवितीवर कच्चे टाके घालायचे, मग कडेने धावदोरा घालत चौकोनाचौकोनाने आत यायचं. कच्चे टाके टाळले की मधे फुगा येतो, मग उसवायला तूच बसशील. मुलगे आधी लाजतात, पण माझ्याकडे सर्वांत बारीक टाका एका मुलाचाच होता.

द्यायच्या आधी धुऊन दोन दिवस कडक उन्हात घाल.