हरलेली बंडं आधी वाच

प्रिय दोस्ता,

तुझं टिपण वाचलं. हैतीत, म्हणजे कॅरिबियनमधल्या तेव्हाच्या फ्रेंच वसाहतीत, सां-दोमांगमध्ये, गुलामांचं बंड का जिंकलं याची कारणं ओळीने मांडलीस आणि शेवटी मलाच विचारलंस, यातलं खरं कुठलं? प्रत्येक कारणाला एकच प्रश्न विचार: हे हरलेल्या ठिकाणीही होतं का?

संख्या घे. 1789 च्या सुमारास तिथे जवळपास 5 लाख गुलाम होते आणि गोरे 30 हजारांच्या आसपास. पण जमैकातही गुलाम गोऱ्यांच्या कितीतरी पट होते, तरी 1760 चं टॅकीचं बंड चिरडलं गेलं. खंबीर नेता? बर्बिस या दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीत 1763 साली कोफी होता. वसाहतीचा मोठा भाग त्याच्या ताब्यात होता, डच गव्हर्नरशी पत्रव्यवहार चालू होता. आपसात फूट पडली, डच कुमक आली, बंड संपलं. आणि तू मात्र तूसाँवरच, सां-दोमांगच्या बंडाच्या त्या प्रसिद्ध सेनापतीवरच, पानं खर्च केलीस!

कट फुटणं न फुटणं हेही तपास. ऑगस्ट 1791 मध्ये उत्तरेच्या मैदानातल्या साखरमळ्यांचे प्रतिनिधी एका रविवारी जमले. त्यांत बरेच मुकादम आणि गाडीवान होते. मुकादमाच्या शब्दावर अख्खी टोळी कामाला लागायची आणि गाडीवानाला मळ्यामळ्यांत फिरायची मुभा होती. लिंबे भागात काहींनी वेळेआधीच आग लावली, पकडले गेले, चौकशीत कट सांगून बसले. तरी 22 ऑगस्टच्या रात्री मैदान पेटलंच. आता व्हर्जिनिया बघ. 1800 साली गेब्रिएलचा कट असाच फुटला. ठरल्या रात्री तुफान पाऊस पडला, गव्हर्नर मन्रोने मिलिशिया बोलावली आणि वीसहून अधिक माणसं फासावर गेली. फुटलं दोन्हीकडे. पण सां-दोमांगचे गोरे राजाच्या आणि क्रांतीच्या बाजूंनी एकमेकांवर तुटून पडले होते, मिश्रवंशीय स्वतंत्र लोकांशी त्यांचं वेगळं वैर होतं. व्हर्जिनियाचे मळेवाले एक होते.

ही फूट पुढे वाढतच गेली. 1793 त स्पेन आणि ब्रिटन फ्रान्सविरुद्ध युद्धात उतरले, दोघांनाही हा साखरेचा मुलूख हवा होता. फ्रेंच कमिशनर सोंतोना गुलामीविरोधी आधीपासूनच होता, पण 29 ऑगस्ट 1793 ला उत्तरेत मुक्ती जाहीर करण्याची घाई लढायला माणसं हवी होती म्हणून झाली. पॅरिसने 4 फेब्रुवारी 1794 ला त्यावर शिक्का मारला.

आता तो पीतज्वर, म्हणजे डासांनी पसरणारा, फ्रेंच सैनिकांना मारणारा ताप. ‘डासांनी क्रांती जिंकली’ हे वाक्य आजच काढ. ताप सगळ्या कॅरिबियनमध्ये होता. ग्वादलुपमध्येही होता, 1794 चा तोच मुक्तीचा हुकूमही होता आणि डेलग्रेससारखा लढवय्या मिश्रवंशीय अधिकारीही. मे 1802 मध्ये फ्रेंच सेनापती रिशपांस फौज घेऊन उतरला. 28 तारखेला डेलग्रेस आणि त्याच्या सोबत्यांनी मातूबा इथे दारूगोळा पेटवून प्राण दिले. गुलामी परतली. चांगल्या वाचकांनाही हे नाव ठाऊक नसतं, याची मला खंत आहे.

मग फरक कुठे? तापाला वेळ लागतो. 1802 मध्ये सेनापती लक्लेर्क नेपोलियनची फौज घेऊन सां-दोमांगवर उतरला, तेव्हा तूसाँने आपला सरदार देसालिनला लिहिलं होतं की पावसाळा येईपर्यंत जाळपोळ हेच आपलं साधन. वसंतात तूसाँ, देसालिन आणि दुसरा सरदार क्रिस्तोफ सगळेच फ्रेंचांना शरण गेले. जूनमध्ये तूसाँला पकडून नेलं. डोंगरांतल्या छोट्या टोळ्यांनी मात्र शस्त्रं खाली ठेवली नाहीत. लक्लेर्कने बंदुका गोळा करायला घेतल्या आणि शेतमजूर पेटले, कारण बंदूक गेली की साखळी येणार हे त्यांनी ओळखलं होतं. त्यात ग्वादलुपची बातमी पोचली आणि ऑक्टोबरात देसालिन आणि मिश्रवंशीय अधिकारी पेतियों फ्रेंचांवर उलटले. दहा वर्षं बंदुका साध्या माणसांच्या घरात होत्या. ग्वादलुपमध्ये त्या मुख्यतः पलटणींकडे होत्या. मे 1803 मध्ये ब्रिटनशी युद्ध पुन्हा जुंपलं, समुद्रमार्ग बंद झाला आणि 18 नोव्हेंबरला व्हर्तियेरच्या लढाईत फ्रेंच हरले.

मी यावर हटून बसतो असं लोक म्हणतात. बसणारच. नाहीतर लाखो माणसांनी केलेलं काम एका सेनापतीच्या आणि एका डासाच्या नावावर जमा होतं.

एका कागदावर चार रकाने आख: सां-दोमांग, ग्वादलुप, बर्बिस, व्हर्जिनिया. शस्त्रं कुणाच्या हातात, मालक एक की फुटलेले, बाहेरची कुमक किती दिवसांत, माघारीला डोंगर आहेत का, एवढं भर. मग टिपण नव्याने लिही आणि तूसाँ तिसऱ्या पानाआधी येऊ देऊ नकोस.