पांतनालला पहिल्यांदा जाताय? मग एवढं बघा

अरे वा, पांतनाल, म्हणजे ब्राझीलमधला तो भलामोठा पाणथळ प्रदेश! बिनधास्त जा, फक्त तारखा नीट बघून बुक करा. बहुतेक जण इथेच गंडतात, आपल्याकडे थंडी म्हणून डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि तेव्हा तिकडे धो धो पाऊस. पाणी पसरलं की जनावरं पण पांगतात, दिसत नाहीत. जग्वार बघायचा असेल तर जुलै ते ऑक्टोबर, तेव्हा पाणी ओसरलेलं असतं आणि सगळे नदीकाठी येतात, विमानाने कुयाबा शहराला उतरायचं, पुढे पोकोने गाव आणि तिथून ट्रान्सपांतानेइरा हा कच्चा रस्ता पोर्तो जोफ्रेपर्यंत (जग्वार बघायला जातात ते नदीकाठचं ठिकाण), साधारण १४५ किमी, वाटेत शंभरावर पूल, त्यातले बरेच पूर्वी लाकडी होते. त्यामुळे पाच-सहा तास धरा, घाई करू नका, कॅपिबारा (उंदराच्या जातीतलं मोठं जनावर) आणि केमन मगरी रस्त्यातच दिसतात (माझा अर्धा दिवस तिथेच गेला).

बाकी,
- यलो फिव्हरची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या आणि पिवळं कार्ड जपा. नाहीतर परत आल्यावर भारतात क्वारंटाईन करतात.
- पेट्रोल पोकोनेत फुल्ल करा, पुढच्या भरवशावर राहू नका.
- एक जाड स्वेटर ठेवाच. उकाड्याचे कपडे भरून गेलो आणि दक्षिणेकडून गार वारं आलं, एका रात्रीत हुडहुडी भरली राव.

कुठली लेन्स, कुठला लॉज ते नंतर बोलू. आधी पोर्तो जोफ्रेला निदान तीन रात्री काढा, एका दिवसात जग्वार दिसेलच असं नाही.