बोटीचं इंजिन तापतंय? आधी पाण्याची धार बघा

प्रश्न: माझ्या बोटीला आउटबोर्ड (मागे बाहेरून बसवलेलं इंजिन) आहे. हळू चालवली की टेंपरेचरचा अलार्म वाजतो, स्पीड घेतला की बंद होतो. थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की थंड पाण्याची वाट उघडणारी झडप) गेला असेल का?

उत्तर: असेलही, पण मला पहिला संशय इम्पेलरवर येतोय. हा इंजिन थंड ठेवायला बाहेरचं पाणी खेचणाऱ्या पंपातला रबरी पंखा, पाती झिजली की कमी आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरत असताना, पाणी नीट खेचत नाही, वेग वाढला की कसंबसं भागवतो, म्हणून अलार्म थांबतो. उलट फक्त फुल स्पीडला तापत असेल तर पाणी आत घेणाऱ्या खालच्या जाळीत शेवाळ नाहीतर प्लास्टिकची पिशवी अडकलीय का ते बघा, इंजिन बंद करून हं.

इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक धार पडते ना, ती मंद असेल तर आधी त्या भोकात पातळ तार घालून बघा, कधीकधी तिथेच मीठ साचलेलं असतं आणि आपण उगाच सगळं खोलत बसतो. पंप उघडलाच तर पाती मोजा, एखादं तुटलेलं दिसलं तर तो तुकडा शोधून काढाच, नाहीतर आत जाऊन पाण्याची वाट अडवतो आणि नवा इम्पेलर टाकूनही इंजिन तापतंच. थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून उघडतो का बघायचा, सोपं आहे.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर दरवेळी गोड्या पाण्याने फ्लश करा. आणि पाण्याशिवाय इंजिन सुरू करून बघायचा मोह नको, रबर लगेच जळतं.