बस थांबली होती तिथे

बाळ,

रविवारी तू डब्यातून तो दगड काढलास आणि माझा चहा तसाच राहिला. खेकड्याची नांगी, आतल्या कडेचे दातेसुद्धा शाबूत. कुठली म्हणून विचारलं तर म्हणालीस, "कच्छची, सर. कॉलेजच्या सहलीत. बस थांबली होती तिथे."

तेव्हा गप्प बसलो, कारण तू आधीच रडवेली होतीस. घरी बँकेच्या परीक्षांचा तगादा, आणि तुझं ठरत नाही की जिवंत खेकडे करू की जीवाश्म. कोल्हापुरात राहून जीवाश्म मिळणार कुठून, हेही विचारलंस. खरं आहे, आपल्या पायाखाली सगळा काळा पाषाण, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात खेकडा कुठून टिकणार! पण नागपूरकडे दोन लाव्ह्यांच्या मधल्या गाळात ऑस्ट्राकॉड सापडतात. खेकड्याचेच भाऊबंद, बहुतेक मिलिमीटरभरही नसतात, चुन्याच्या दोन शिंपल्यांत बसलेले. तेव्हा तुझा 'हे की ते' मला पटत नाही. कवच तेच, फक्त एक ओलं आणि एक दगडातलं.

मला त्या बसबद्दल बोलायचंय.

कच्छमध्ये ज्युरासिकचे थर आहेत तसे मायोसीनचेही. एक १४ कोटी वर्षांहून जुना, दुसरा फार तर २.३ कोटी वर्षांचा. तुझी नांगी यातल्या कुठल्या थरातली? बस सांगणार आहे का? आधी चिठ्ठी, मग नमुना. गाव, ओढा, थर, तारीख, आणि उचलणाऱ्याचं नाव. दगडाला हात लावायच्या आधी.

रागावलो असं वाटेल. रागावलोच आहे, पण निम्मा माझ्यावर. ऐंशीच्या दशकात, नुकता नोकरीला लागलेला असताना, पावसात घाटातून खेकडे आणले. जांभळे होते, एवढं आठवतं. स्पिरिटमध्ये रंग उतरला आणि सगळे चहाच्या गाळासारखे झाले. चिठ्ठी बॉलपेनने लिहिली होती, तीही विरघळली. बाटलीवर चिकटवलेल्या कागदावर एवढंच उरलंय: 'घाट, पावसाळा'. कुठला घाट? आंबोली, फोंडा की गगनबावडा? तिन्हीकडे हिंडायचो तेव्हा.

२०१४ साली सह्याद्रीतल्या खेकड्यांसाठी 'घाटिआना' ही नवी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मांडली गेली. वाचलं त्या रात्री बाटली काढून बसलो. ते माझेच असते असं म्हणत नाही. आणि माझ्या मागे आठवड्याचे अठरा तास, पेपर तपासणी, घरी आईचं आजारपण होतं. प्रयोगशाळेला एक सूक्ष्मदर्शक, तोही कुलपात. सगळ्यांनाच काही जमत नाही. पण पेन्सिल चार आण्याला मिळत होती, तिला काय अडचण होती? शिसं स्पिरिटमध्ये विरघळत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. कंटाळा केला, बस्स.

म्हणून बँक की संशोधन, हे मला विचारू नकोस. बँकेत जाऊनही रविवारी मसाईच्या पठारावर जाता येतं. पहिल्या पावसाचं पाणी कातळातल्या खळग्यांत साचलं की बघ, उन्हाळाभर सुकलेल्या अंड्यांतून परी-कोळंबी (फेअरी श्रिम्प, खेकड्याच्याच गोतातला इवला जीव) निघते का. निघाली तर आधी चिठ्ठी, चिठ्ठी बाटलीच्या आत, पेन्सिलने. पीएचडी करूनही 'बस थांबली होती तिथे' लिहिणारे मी पाहिलेत, आणि त्यांची कपाटं भरलेली आहेत.

सहलीला कोण कोण होतं, त्यांना फोन कर. मोबाइलमधले फोटो तपास, लोकेशन चालू असेल तर जागा निघेल. माझ्या वेळी ही सोय नव्हती, तुझ्याजवळ आहे, तरी डब्यात दगड घेऊन फिरतेस!

पुढच्या रविवारी ये. ती बाटली अजून आहे. त्यातला एखादा नर काढू, अरुंद शेपटीखालचा पहिला अवयव भिंगाखाली धरू. त्यावरून जात कदाचित कळेल. घाट कळणार नाही.

येताना एचबी पेन्सिल आण.

तुझा,
सर