खाली बसवलेल्या गाडीला रुंद टायर

प्रश्न: माझी हॅचबॅक आहे, लोअरिंग स्प्रिंग टाकून गाडी ४० मिमी खाली घेतलीय. कंपनीचे टायर १८५/६५ आर १५ (रुंदी १८५ मिमी, उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची), रिम ५.५ जे, म्हणजे ५.५ इंच रुंद. आता १६ इंची ७ जे अलॉय आणि २०५/५५ टायर टाकायचेत. घासतील का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: घासणार राव, आणि मागे दोघं बसून स्पीडब्रेकर आला की नक्कीच. हिशोब बघा, रिम दीड इंच जास्त रुंद म्हणजे ३८ मिमी, ऑफसेट (रिमच्या मधल्या रेषेपासून हबला टेकणाऱ्या भागापर्यंतचं अंतर) तोच ठेवला तर १९ आत १९ बाहेर, पण दुकानदार बहुतेक कमी ऑफसेटचं रिम गळ्यात मारतो, मग ऑफसेट १० ने कमी असेल तर २९ बाहेर आणि आत फक्त ९, म्हणजे आत स्ट्रट (सस्पेन्शनचा खांब) वाचला पण बाहेर फेंडरची (चाकावरच्या पत्र्याची) कड टायर सोलायला बसलीच. त्यात २०५/५५ चा व्यास तुमच्या टायरपेक्षा साधारण १० मिमी जास्त, म्हणजे टायर वरच्या बाजूला ५ मिमी वाढला, खाली घेतलेल्या गाडीत हे ५ मिमी आणायचे कुठून? त्यापेक्षा १९५/५५ आर १६ घ्या, व्यास जवळपास तोच राहतो, रिम ६.५ जे पुरे. सेंटर बोअर (रिमच्या मधलं भोक) हबपेक्षा मोठा असेल तर हब रिंग (ती फट भरणारी कडी) टाका, नाहीतर ऐंशीला स्टिअरिंग थरथरतं. पैसे द्यायच्या आधी एक रिम टायरसकट पुढे लावून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, मग मागे लावून चार मित्र बसवा (जाडे असले तर उत्तम) आणि टायर नि फेंडरच्या कडेमध्ये बोट जातं का बघा. फेंडरची कड रोल करून (आत दुमडून) मिळते, पण हीट गन न वापरता केली तर रंग तडकतो.